सान काल्लिस्तो, रोम: जमिनीखालची चाळीस मिनिटं आणि बाज उचललेला माणूस

रोमला जाणाऱ्या आपल्या वसईच्या मंडळींना माझं एकच सांगणं आहे. व्हॅटिकनला हवा तेवढा वेळ द्या, पण अर्धा दिवस आप्पियन रस्त्यावरच्या सान काल्लिस्तोच्या भुयारी दफनभूमीसाठी राखून ठेवा. आणि त्याच दिवशी रोममधल्याच लॅटरन भागातलं अष्टकोनी स्नानसंस्कारगृह, म्हणजे बाप्तिस्मा देण्याची जागा, बघा. माझ्याकडून दोन्हींना पाचपैकी पाच. ते का, हे जरा सविस्तर लिहिते. मी चोवीस वर्षं रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते. पाप, विश्वास, तारण हे शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिले असतील त्याची मोजदाद नाही. पण ज्यांनी ते शब्द सुरुवातीला जगून बघितले त्यांच्या घरात पाऊल टाकल्यासारखं वाटलं ते इथेच.

खरं तर तीन दिवस आधी आम्ही मायलेकी एका एजन्सीच्या बसमधून याच रस्त्यानं गेलो होतो. गाइडनं खिडकीतून बोट दाखवलं आणि सांगितलं की तीनशे वर्षं ख्रिस्ती लोक या भुयारांत लपून राहत होते. बस थांबलीही नाही. एवढे पैसे घेऊन चुकीची माहिती देणं मला मुळीच आवडलं नाही. ही लपायची जागा नव्हती. ही दफनभूमी होती आणि ती कुठे आहे हे रोमच्या अधिकाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर २५८ च्या ऑगस्टमध्ये शिपाई सरळ दफनभूमीत आले आणि त्यांनी पोप सिक्स्टस दुसरे यांना पकडून ठार केलं. लेक म्हणाली, "आई, आपण आपलं आपण जाऊ." गेलो.

जायचं कसं, ते आधी सांगते. लॅटरनच्या सान जोव्हान्नी चौकातून २१८ नंबरची बस मिळते, फोस्से आर्देआतिनेला उतरायचं, तिथून फाटक जवळच आहे. म्हणजे दोन्ही ठिकाणं एकाच बसनं जोडलेली आहेत. बुधवारी बंद असतं, दुपारीही मध्ये बंद होतं, म्हणून सकाळीच निघा. आम्ही गेलो तेव्हा तिकीट १० युरो होतं आणि त्यातच वाटाड्या मिळतो. एकट्यानं खाली जाऊ देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, कारण चार मजल्यांची मिळून जवळजवळ वीस किलोमीटर भुयारं आहेत. डॉन बॉस्कोचे सॅलेशियन फादर १९३० पासून हे ठिकाण सांभाळतात. फोटो काढायला मनाई आहे. खाली बारा महिने थंडावा असतो, शाल न्या. जिना आहे. माझा उजवा गुडघा दुखरा आहे, तरी हळूहळू उतरले, कोणी घाई केली नाही.

उतरण्याआधी वर सावलीत फलकांसमोर उभं करून खुणांचा अर्थ सांगतात. आमच्या गटाला इंग्रजीतून सांगणाऱ्या बाई होत्या, पन्नाशीच्या, आवाज खालचा पण एकेक शब्द ठसणारा. मासा कशासाठी, तर ग्रीकमध्ये माशाला जो शब्द आहे त्याची पाच अक्षरं म्हणजे येशू, ख्रिस्त, देवाचा, पुत्र, तारणारा या शब्दांची आद्याक्षरं. एका माशात अख्खा विश्वासांगीकार. मग त्यांनी दोन शब्द सांगितले ते मी तिथेच वहीत उतरवले. दफनभूमीला हे लोक ग्रीकमध्ये 'झोपायची जागा' म्हणत. आणि थडग्यावर लॅटिनमध्ये मृताच्या नावापुढे जो शब्द कोरत त्याचा अर्थ 'ठेवलेला', म्हणजे ठेव. परत घेण्यासाठी विश्वासानं सोपवलेली वस्तू.

मी मराठी शाळेत शिकवलं आहे, त्यामुळे हा शब्द ऐकला आणि मला आपलं 'तारण' आठवलं. देवळात तारण म्हणजे मुक्ती आणि बँकेत तारण म्हणजे कर्जापोटी अडकवलेली जमीन किंवा सोनं. वर्गातली मोठी मुलं हे नेहमी विचारतात, मी आजवर "वेगळा अर्थ आहे" म्हणून पुढे जायची. आता जाणार नाही. कारण त्या काळच्या रोममध्ये तारणाची भाषा खरोखरच व्यवहारातून उचललेली होती. शुभवर्तमानात येशू आपला जीव 'खंडणी' म्हणून देण्याबद्दल बोलतो, तो शब्द गुलामाला सोडवण्यासाठी मोजलेल्या पैशाचा. ऐकणाऱ्यांत कितीतरी जण स्वतः गुलाम होते, किंवा सुटलेले. त्यांना हे समजावून सांगावं लागत नसेल.

खाली उतरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो वास, ओल्या मातीचा, पावसाळ्यात जुन्या विहिरीत डोकावल्यावर येतो तसा. तुफा नावाचा मऊ दगड आहे. कापताना सोपा, हवा लागली की कडक होतो, म्हणून इतकं खोल खणता आलं. दोन्ही बाजूंना भिंतीत फडताळांसारखे आडवे खण, एकावर एक. श्रीमंतासाठी कमानीचं थडगं असेलही, पण बहुतेक खण सारखे. मध्येच अगदी छोटे खण दिसतात, हातभर लांबीचे. ते बाळांचे. असे खण खूप आहेत.

मग पोपांची खोली. तिसऱ्या शतकातले नऊ पोप इथे पुरलेले होते. सगळं मातीखाली गेलेलं, ते १८५४ मध्ये पुरातत्त्व अभ्यासक जोव्हान्नी बात्तिस्ता दे रॉस्सी यांनी शोधून काढलं. संगमरवराच्या तुकड्यांवर नावं आहेत, ग्रीकमध्ये, कारण रोमची ख्रिस्तसभा तेव्हा ग्रीक बोलत होती. फेबियनचं नाव वाचता येतं. २५० च्या जानेवारीत, सम्राट डेशियसच्या छळात, तो गेला. त्याच्या नावाशेजारी 'साक्षी', म्हणजे हुतात्मा, अशी खूण आहे, पण ती नावापेक्षा उथळ कोरलेली. मागाहून कोरली आहे. बाईंनी टॉर्च तिरका धरला तेव्हा तो फरक दिसला. एरवी दिसला नसता.

आणि आता ज्याच्या नावानं ही जागा आहे तो कॅलिक्स्टस. तो स्वतः इथे पुरलेला नाही, त्याचं थडगं शहराच्या दुसऱ्या बाजूला, ऑरेलियन रस्त्यावर होतं. तो गुलाम होता. त्याची हकिगत आपल्याला कळते ती त्याच्या कट्टर विरोधकाच्या लेखणीतून, हा विरोधक म्हणजे रोममधलाच धर्मगुरू हिप्पोलिटस असं बहुतेक जण मानतात. त्यामुळे तिखटमीठ वजा करून वाचायची. धन्यानं त्याला पेढी चालवायला दिली, तिच्यात विधवांचे आणि इतर ख्रिस्ती लोकांचे पैसे होते, ते बुडाले. तो पळाला, बंदरात जहाजावर चढला, धनी येताना दिसला तेव्हा समुद्रात उडी टाकली. ओढून बाहेर काढला, जात्यावर जुंपला. पुढे सार्डिनियाच्या खाणीत सक्तमजुरी. तिथून सुटला. आणि अशा माणसाला पोप झेफिरिनस यांनी, सन २०० च्या आसपास, या दफनभूमीचा कारभारी नेमलं. २१७ मध्ये तो स्वतः पोप झाला.

इथे पापाचा प्रश्न येतो. त्या काळी बहुतेकांची समजूत अशी होती की स्नानसंस्कारानं मागची सगळी पापं धुतली जातात, पण त्यानंतर व्यभिचार, खून, मूर्तिपूजा असं मोठं पाप घडलं तर काय? दुसऱ्या शतकात रोममध्येच लिहिलेल्या 'हर्मासचा मेंढपाळ' या पुस्तकात आणखी एक संधी दिलेली आहे. एकच. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन आपल्या आधीच्या लिखाणात म्हणतो की जहाज फुटलेल्या माणसानं फळीला मिठी मारावी तशी पश्चात्तापाला मिठी मार. पण ती फळीही एकदाच मिळायची, आणि त्यासाठी गोणपाट नेसून, उपास करून, वडीलजनांच्या पाया पडून सगळ्यांसमोर रडावं लागे. याच धास्तीनं कितीतरी लोक स्नानसंस्कार लांबवत. सम्राट कॉन्स्टंटाइननं तो घेतला ३३७ मध्ये, मरणाच्या दारात.

कॅलिक्स्टसनं दार जास्त उघडलं. देहाची पापं केलेल्यांनाही, पश्चात्ताप केला तर, परत घेऊ म्हणाला. थोर घराण्यातल्या बाईनं गुलामाशी संसार मांडला तर तोही मान्य केला. विरोधक लिहितो की तो दाखला द्यायचा गव्हातल्या निदणाचा, म्हणजे तणाचा, दोन्ही कापणीपर्यंत बरोबर वाढू द्या. आणि नोहाच्या तारवाचा, त्यात कुत्रे, लांडगे, कावळे सगळे होते, शुद्ध आणि अशुद्ध. विरोधकाला हे ऐकून संताप येतो. मला हे वाचून रडू आलं. टर्टुलियनही पुढे कडक झाला आणि पापक्षमेची घोषणा करणाऱ्या एका बिशपवर तुटून पडला. तो बिशप कॅलिक्स्टसच का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण त्याच लिखाणात तो एक गोष्ट सांगून जातो. लोक प्याल्यावर रंगवलेला मेंढपाळ दाखवतात, खांद्यावर हरवलेलं मेंढरू घेतलेला, आणि म्हणतात, बघा, क्षमा आहे. टर्टुलियनला तो पुरावा पटत नाही. पण लोक कशावर बोट ठेवून क्षमा मागत होते, ते त्याच्यामुळेच आपल्याला कळतं.

हे सगळं मी एवढं लावून धरते आहे त्याला घरचं कारण आहे. माझ्या थोरल्या भावानं एकोणीस वर्षांपूर्वी आईची केळीची वाडी तिला नीट न सांगता विकली. आई त्याच वर्षी गेली. तेव्हापासून दादा मिस्सेला येतो आणि बाहेर थांबतो. सणाला नवा शर्ट घालून येतो, पण उंबरठा ओलांडत नाही, ख्रिस्तप्रसाद घेत नाही. फादर बोलले, मी बोलले, वहिनी भांडली. "मला माफी नाही," एवढंच म्हणतो. पहिल्या शतकांतले प्रायश्चित्तकरी देवळाच्या दाराशी उभे राहत असं बाई सांगत होत्या तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्या चर्चच्या बाहेरचं चिंचेचं झाड होतं.

पुढच्या खोल्यांना संस्कारांच्या खोल्या म्हणतात. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या, लहान, दारातूनच बघायच्या. इथली चित्रं म्हणजे फार रेखीव काम नाही. पांढऱ्या चुन्यावर लाल आणि हिरव्या रेघांच्या चौकटी, आत भराभर रंगवलेली माणसं, चेहरा म्हणजे दोनतीन फटकारे. एका भिंतीवर एक माणूस पाण्याकाठी बसून गळानं मासा ओढतो आहे. त्याच्याच शेजारी एक मोठा माणूस एका छोट्याच्या डोक्यावर हात ठेवून उभा आहे, छोट्याचे पाय पाण्यात, वरून पाणी. स्नानसंस्कार. आणि त्यांना लागूनच एक माणूस चालला आहे, आखूड अंगरखा, पाठीवर बाज. लाकडी चौकट आणि चार पाय स्पष्ट दिसतात, आपल्याकडे अंगणात असायची तशीच. पक्षाघातातून बरा झालेला हा माणूस बेथेस्दाच्या तळ्याकाठचा की कफर्णहूमला छपरातून खाली सोडलेला, यावर मतं दोन आहेत. दोन्ही गोष्टींत येशू पापाचं नाव काढतो. कफर्णहूमच्या गोष्टीत तर आधी "तुझ्या पापांची क्षमा झाली आहे" आणि मगच "बाज उचल". कोण्या चित्रकारानं, मेलेल्या माणसाच्या घरच्यांसाठी, मासा, पाणी आणि बाज ओळीनं काढली. पाण्यातून ओढला, धुतला, उठून चालू लागला.

बाकी भिंतींवर योना आहे, माशाच्या तोंडात जाताना, बाहेर येताना, मग वेलाखाली पाय पसरून पडलेला. भाकरींच्या टोपल्या आणि जेवायला बसलेले सात जण आहेत. नरक दिसला नाही, आग दिसली नाही. क्रूसावर टांगलेला ख्रिस्तही नाही, त्या काळी तो कोणी रंगवत नव्हतं. जे आहेत ते सगळे वाचलेले लोक. मी वर्गात पाप शिकवताना नेहमी यादीनं सुरुवात करते, दहा आज्ञा, कुठली मोडली. या लोकांनी सुरुवात सुटकेनं केली. ग्रीकमध्ये पापासाठी त्यांनी वापरलेल्या शब्दाचा मूळ अर्थच नेम चुकणं, आणि पश्चात्तापाचा अर्थ मन पालटणं. नेम चुकला तर माणूस पुन्हा बाण लावतो.

हुतात्मा संत सेसिलियाच्या खोलीत तिच्या पुतळ्याची प्रतिकृती आहे, मूळ पुतळा रोमच्याच त्रास्तेव्हेरे भागात. मान वळवून कुशीवर पडलेली, एका हाताची तीन बोटं पुढे, दुसऱ्याचं एक. तीन व्यक्ती, एक देव, असा अर्थ सांगतात. इथे आमचा गट फार थोडा वेळ थांबला.

कॉर्नेलियसचं थडगं नेहमीच्या फेरीत येत नाही, तरी त्याची गोष्ट बाईंनी सांगितली ती बरं केलं. डेशियसनं हुकूम काढला होता, प्रत्येकानं देवांना बळी द्यायचा आणि तसा दाखला घ्यायचा. असे दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडले आहेत. पुष्कळ ख्रिस्ती लोक घाबरले, कोणी बळी दिला, कोणी पैसे देऊन नुसता कागद मिळवला. छळ थांबल्यावर ते रडत परत आले. रोमचा एक धर्मगुरू नोव्हेशियन म्हणाला, ख्रिस्तसभेला यांना क्षमा करता येत नाही. २५१ मध्ये पोप झालेला कॉर्नेलियस आणि कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाले, प्रायश्चित्त करू द्या आणि घ्या. फेबियन ज्या छळात मेला, त्याच छळात डगमगलेल्यांना त्याच्या नंतरच्या पोपनं आत घेतलं. दोघेही याच मातीत. कॉर्नेलियसच्या थडग्यापाशी पुढे त्याच्याबरोबर सिप्रियनचंही चित्र काढलं गेलं.

वर आलो तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. एवढ्याच वेळात फेरी संपते आणि मागे पुढचा गट असतो, म्हणून थोडं वाचून जा. निदान रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय, ख्रिस्ताबरोबर पुरले जाणं आणि उठणं. संत पौलानं ते पत्र ५७ च्या सुमारास लिहिलं आणि नंतर बेड्यांत रोमला आला तो याच आप्पियन रस्त्यानं. बांधव त्याला भेटायला पुढे गेले होते, असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे.

दुपारी लॅटरनला. पोर्फिरी नावाच्या जांभळ्या दगडाच्या आठ खांबांवर आठ बाजूंची पट्टी, आणि तिच्यावर लॅटिन ओळी. पोप सिक्स्टस तिसरे यांच्या काळातल्या, म्हणजे ४३२ ते ४४० मधल्या. लेक लॅटिनची दोन वर्षं शिकलेली, ती मान वर करून गोल फिरत वाचत होती आणि मी लिहून घेत होते. एक ओळ म्हणते, पापांची संख्या किंवा प्रकार बघून कोणी भिऊ नये, या नदीत जन्मलेला पवित्र होईल. दुसरी म्हणते, निर्दोष व्हायचं असेल तर इथे धुऊन घे, वडिलांच्या अपराधानं दबला असशील किंवा स्वतःच्या.

वडिलांच्या अपराधानं, म्हणजे आदामाच्या. ही ओळ काल्लिस्तोच्या चित्रांनंतर दोनशेहून जास्त वर्षांनी लिहिली गेली. मध्ये उत्तर आफ्रिकेतला बिशप संत ऑगस्टीन येऊन गेला होता. त्याचा विरोधक, पेलाजियस नावाचा धर्मशिक्षक, म्हणत होता की आदामाचं पाप आदामाचं, माणूस स्वतःच्या बळावर चांगला वागू शकतो. ऑगस्टीन म्हणाला, नाही, आपण जन्मतःच जखमी आहोत आणि कृपेशिवाय उभं राहू शकत नाही. ४१८ च्या कार्थेजच्या सभेनं ऑगस्टीनची बाजू घेतली. मागच्या वर्षी माझ्या वर्गातल्या तिसरीच्या मुलीनं विचारलं होतं, "टीचर, माझा भाऊ अजून रांगतोसुद्धा नाही, त्याचं कसलं पाप?" मी पाठ केलेलं उत्तर दिलं होतं. तिचं समाधान झालं नव्हतं, माझंही नाही. लॅटरनच्या त्या कठड्याला टेकून मला वाटलं की कर्जात जन्मलेल्या पोराचा दाखला द्यावा. कर्ज त्यानं काढलेलं नाही, पण घर तारण आहे, आणि फेडणाराही दुसराच आहे. पुढच्या रविवारी हे सांगून बघणार आहे. ती मुलगी आता चौथीत आहे, लक्षात ठेवून प्रश्न विचारणारी आहे.

पैशांचा हिशेब बघितला तर दोघींचे मिळून २० युरो आणि बसचं भाडं. बसमधून नुसतं बोट दाखवणाऱ्या त्या सहलीला याच्या कितीतरी पट गेले होते. तरुण मंडळींनी सान काल्लिस्तो करून दुपारी आप्पियन रस्ता पायी चालावा. आमच्या वयाच्यांनी फाटकाजवळच्या झाडांखाली बसावं, पाण्याची बाटली घेऊन. दुकानात चित्रांची एक पातळ पुस्तिका मिळते, ती मी घेतली.

परत आल्यावर दादाकडे गेले. पुस्तिका उघडून बाज उचललेला माणूस दाखवला. कोण, कुठला, अठराशे वर्षांपूर्वी गुलामी भोगून पोप झालेल्या एका माणसाच्या दफनभूमीत कसा काढला, सगळं सांगितलं. दादा चष्मा लावून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बरा झाला ना हा? मग ती बाज कशाला वाहतोय?"

मी म्हटलं, "त्याला सांगितलंय तसं. उचल आणि घरी जा."

त्यानं पुस्तिका परत दिली नाही. म्हणाला, राहू दे इथे.